पुराच्या घरातलं जेवण

ओल्या लाकडांचा धूर नाकात गेला की मला उमेळे गावातलं, पूर ओसरल्यानंतरचं ते घर आठवतं. भिंतींवर कमरेएवढी चिखलाची रेघ होती, कणगीतलं भात आंबलं होतं आणि ओटीवर बसलेली म्हातारी दोन दिवसांत कुणाशी बोलली नव्हती. बोळिंजच्या आमच्या सोसायटीतून मी मदतीला गेलो होतो. खेड्यापाड्यांत काम करणारी एक संस्था चालवणाऱ्या ताई आणि त्यांचे यजमान सोबत होते. शिधा उतरवून झाल्यावर मी डबा काढला, तर ताई म्हणाल्या, "तो राहू दे." मग म्हातारीसमोर उकिडव्या बसून त्यांनी विचारलं, "आजी, आम्हा तिघांना जेवायला घालाल?" माझं डोकंच फिरलं. जिचं सगळं वाहून गेलं, तिच्याकडे जेवण मागायचं? म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "माज्या चुलीला कोनी हात नाय लावायचा," म्हणत तिने आम्हीच आणलेल्या तांदळाची पिशवी सोडली, ताईंच्या यजमानांना पाण्याला पिटाळलं, शेजारणीकडून सुके बोंबील मागवले. जेवताना ताईंनी पानात घासभर भात शिल्लक ठेवला तेव्हा ती कडाडली, "टाकायचं नाय, पोरी!" ज्यांच्या एका शब्दावर मदतीचे ट्रक हलत, त्या ताईंनी मान खाली घालून शीत न् शीत संपवलं. आजही कुणाच्या घरी वाईट घडलं की भेटायला जातो, आणि त्यांनी चहाचं विचारलं तर नको म्हणत नाही.