जावईबापूंचं जेवण

मावशी आपल्या जावयाला चिमट्याने भरवत. जावई म्हणजे एक साप. आफ्रिकेतल्या लहान अजगराच्या जातीचा, मनगटाएवढा जाड, काचेच्या पेटीत राहणारा आणि जेवणावरून सतत रुसणारा. “मला मुलगी नाही, जावई मात्र असा मिळालाय,” असं म्हणत त्या त्याला जावईबापू म्हणायच्या, तेही अहोजाहो करून.

साप मूळचा त्यांच्या मुलाचा. मुलगा ॲन आर्बरला कॉलेजात शिकायला गेला, हॉस्टेलवर साप चालत नव्हता, म्हणून ट्रॉय गावातल्या घरात उरले मावशी आणि जावईबापू. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला आले. पहिल्याच आठवड्यात गराजमधल्या फ्रीझरमध्ये मला दह्याचा मोठा डबा दिसला. आपल्या घरांत दह्याच्या डब्यात दही सोडून सगळं सापडतं, म्हणून मी आशेने झाकण उघडलं. आत पांढरे उंदीर शिस्तीत निजले होते. माझी किंकाळी ऐकून मावशी धावत आल्या. “अगं, आपलं सगळं किचनमध्ये असतं. हे जावईबापूंचं!” जन्मात अंडं न फोडलेली ही बाई उंदीर गरम पाण्यात सोडून कोमट करायची, तो भरवून झाला की आंघोळ करायची आणि मग देवापुढे दिवा लावायची.

जावईबापू महातापट. पेटी उघडली की मान मागे घेऊन फुत्कारत आणि झडप घालत. मावशींच्या मनगटावर त्यांच्या दातांचे ठिपके होते. मुलगा फोनवर म्हणायचा, “आई, जस्ट गिव्ह हिम अवे ना.” मावशी ऐकत नसत. “राग नाही गं तो, भीती आहे. वरून हात घातला की त्यांना घार वाटते. बाजूने जायचं आणि काही मागायचं नाही.” रोज संध्याकाळी पेटीपाशी खुर्ची टाकून त्या मेथी निवडत बसत. आपल्या अंगाचा वास ओळखीचा व्हावा म्हणून जुन्या गाऊनचा न धुतलेला तुकडा त्यांनी आत ठेवला होता. पुढे एकदा साप आपणहून त्यांच्या हातावर चढून कोपराशी विसावला, तेव्हा त्यांनी मला हाकसुद्धा कुजबुजत मारली.

त्याच हिवाळ्यात माझी नोकरी गेली. माझा व्हिसा त्या नोकरीवर होता. दुसरी मिळाली नसती तर चंबूगबाळं आवरून परत जावं लागलं असतं. जो तो फोन करून सल्ले देई आणि मी प्रत्येकावर खेकसे. “प्लीज, मला एकटीला राहू द्या!” असं मावशींवरही ओरडून मी दार लावून घेतलं आणि जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर झाकलेलं ताट होतं, आणि वर जिन्याच्या पायरीवर मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. रोज तसंच चाललं. शेवटी एका संध्याकाळी मीच जाऊन शेजारी बसले आणि एक जुडी पुढ्यात ओढली. “गरम भात वाढू?” एवढंच त्या म्हणाल्या. मी रडत रडत जेवले. पुढे नोकरी मिळाली, पण ती मिळेपर्यंत मला माणसात ठेवलं ते मावशींनी.

गेल्या वर्षी मुलाला दूर चँडलर शहरात जॉब लागला आणि तो आईला घेऊन गेला. तिथल्या अपार्टमेंटमध्येही साप चालत नव्हता. “जावई मुलीकडे ठेवून चाललेय,” एअरपोर्टवर मावशी म्हणाल्या.

मी नव्या घरात आले, हौसेने पेटी घासूनपुसून लख्ख केली आणि जावईबापूंनी अन्नत्याग केला. आठवडे उलटले. घाबरून मी व्हिडिओ कॉल लावला.

“मावशी, तो जेवतच नाहीये.”

“जेवत नाहीयेत, म्हण. गाऊनचा तुकडा काय केलास?”

“मशीनला लावला.”

“मग रुसणारच ते!”

काही दिवसांनी चँडलरहून पार्सल आलं. आत त्यांचा निळ्या फुलांचा अख्खा गाऊन होता, न धुतलेला. उघडताच हिंगाचा आणि चंदनी साबणाचा वास खोलीभर झाला. मी कात्री घेऊन त्याचे दोन भाग केले. एक पेटीत ठेवला. त्याच आठवड्यात जावईबापू जेवले.

दुसरा माझ्या उशाशी आहे. तो मी धुणार नाही.