पाचवी विहीर

आमच्या तंत्रनिकेतनात कायम नोकरीतल्याला सर म्हणत आणि कंत्राटावरच्याला दादा. प्रसेनजितदादा नऊ वर्षं दादाच राहिले. धाडहून एसटीने यायचे, कॉम्प्युटर लॅब उघडायचे. दर जूनमध्ये विभागप्रमुखांनी शिफारस केली की त्यांना अकरा महिन्यांची नवी ऑर्डर मिळायची.

लॅबमधला, सी भाषेतले प्रोग्राम मशीनला कळतील असे करून देणारा कंपायलर आमच्या जन्माआधीचा. सातव्या प्रॅक्टिकलमध्ये पाच विहिरींची पाणीपातळी तपासायची असते. पाचवीची नोंदच नाही. तिथे 'ही संख्या नाही' अशी खूण ठेवलेली. नव्या कंपायलरसोबत तुलनेचे मॅक्रो, म्हणजे छोटे तयार आदेश, येतात. एका बाजूला संख्याच नसेल तर ते लहान-मोठं काही ठरवत नाहीत. जुन्यात ते नव्हते. तो खुणेलाही ठरलेल्या पातळीपेक्षा लहान धरायचा आणि छापायचा, 'विहीर ५: कोरडी'. सगळ्यांच्या जर्नलात तेच असायचं, कारण जर्नल सिनिअरच्या जर्नलावरून उतरवतात. विभागप्रमुख दर वर्षी त्यावर सही करत.

दादांना ते सहन होईना. "जी मोजलीच नाही तिले कोरडी काऊन म्हणून राह्यले बे?" असं आम्हाला विचारायचे. दोन महिने खपून त्यांनी एक हेडर फाईल लिहिली. नव्या कंपायलरवर ती त्याचेच मॅक्रो वापरायची. जुन्यावर आकड्याचे आतले बिट तपासून खूण ओळखायची आणि मगच तुलना करायची. लॅबमधल्या अठराही मशीनवर त्यांनी ती टाकली. आम्ही ती प्रोग्रामला जोडली. जर्नल मात्र कोणी बदललं नाही.

एप्रिलमध्ये बाहेरचे परीक्षक आले. माझ्या स्क्रीनवर 'विहीर ५: नोंद नाही' आणि जर्नलात 'कोरडी'. परीक्षकांनी विभागप्रमुखांना बोलावलं. दादांनी फळ्यावर सगळं समजावून सांगितलं. विभागप्रमुखांनी ऐकून घेतलं, जर्नलातली स्वतःची सही पाहिली आणि ते माझ्याकडे वळले.

"तू सांग. बरोबर कोणतं?"

दादा निवांतपणे फळा पुसत होते. उत्तर त्यांनीच मला शिकवलं होतं.

"जर्नलातलं, सर," मी म्हणालो.

दादांचा हात फळ्यावर थांबला, मग पुन्हा पुसू लागला.

विभागप्रमुखांनी फाईल दादांच्याच हातून अठराही मशीनवरून काढून घेतली. प्रोग्राम परत चालवला. विहीर कोरडी निघाली. मला पंचवीसपैकी चोवीस मिळाले. जूनमध्ये दादांची ऑर्डर आली नाही. ते किल्ल्या द्यायला आले तेव्हा मी माफी मागायला गेलो होतो, पण मागितली नाही. तेच म्हणाले, "मार्क भेटले ना तुले? मंग झालं."

पुढे पुण्यात मुलाखतीत मला नेमकं हेच विचारलं. मी दादांचं उत्तर त्यांच्याच क्रमाने फळ्यावर लिहिलं आणि नोकरी लागली. ते कुणाचं आहे हे कंपनीत आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात कॉलेजातल्या एका ज्युनिअर मुलीने माझं जर्नल मागितलं. सातव्या प्रॅक्टिकलच्या पानाचा फोटो काढताना थांबलो. 'विहीर ५: कोरडी' ही ओळ खोडायची होती. पण तिच्याखाली सही होती, आणि मुलीची परीक्षा चार दिवसांवर होती.

पान आहे तसंच पाठवलं.