स्पीकर नसलेल्या खोलीतली गिटार

सगळ्यात आधी नाव अण्णांचं. बबनअण्णा, हिंजवडीजवळच्या माण गावातले माझे घरमालक. हे टाईप करायला मी आज शिल्लक आहे तो त्यांच्यामुळे. काय झालं ते पुढे सांगतो, पण नाव आधी.

मी हिंगोलीकडचा. आठवीनंतर शाळा सुटली, नांदेडला एका वस्तादांकडे रेडिओ-अँप्लिफायरची दुरुस्ती शिकलो आणि चार वर्षांपूर्वी इकडे आलो. अण्णांच्या तीन मजली इमारतीत खाली माझा गाळा. वर सगळी हिंजवडीत कामाला जाणारी मुलं. भूतबाधा, आत्मा वगैरेवर माझा कधीच विश्वास नव्हता. करंट कुठून येतो आणि कुठे जातो हे शोधणं हाच माझा धंदा. आवाज आला म्हणजे तो कुठल्या तरी पार्टमधून आला... एवढंच मला माहीत होतं.

फेब्रुवारीत माझे एक गिऱ्हाईक, सलील सर, त्यांच्या वडिलांचा गिटारचा अँप घेऊन आले. जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा. वडील तरुणपणी पुण्यात हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवायचे. ते गेल्यापासून अँप माळ्यावर पडून होता. असा अँप ज्याने ऐकला नाही त्याला सांगतो — हळू छेडलं तर आवाज साफ, दुधासारखा. जोरात छेडलं की कडेने फाटतो, बसलेल्या घशासारखा. आणि प्रत्येक सूर आधी जरासा दबतो, मग फुलतो. आजकालच्या मशीनमध्ये हे बटण दाबून आणतात, पण ते कळतं.

या अँपमध्ये चारशेच्या वर व्होल्ट खेळतात. म्हणून वस्तादांचा एकच नियम होता : चालू अँपवर काम करताना डावा हात खिशात. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो.

त्या दिवशी गुरुवार, दुपारचे सव्वातीन. अँपचा सांगाडा पेटीतून काढून टेबलावर उलटा ठेवला होता. त्याचा स्पीकर पेटीसकट सलील सरांच्याच घरी होता. टेस्टिंगला स्पीकरच्या जागी आम्ही एक मोठा रेझिस्टर जोडतो, तो फक्त गरम होतो, वाजत नाही. गिटार जोडलेली नव्हती. मोबाईल चार्जिंगला बंद. मी व्होल्टेज मोजत होतो, तेवढ्यात सांगाडा टेबलावरून घसरायला लागला. दुसऱ्याची वस्तू, त्यात वडिलांची आठवण... डावा हात आपोआप खिशातून निघाला आणि मी तो धरला. त्याच झटक्यात उजव्या हाताची बोटं करंट असलेल्या उघड्या टोकावर टेकली.

सुटता येईना. ओरडता येईना. दात एकमेकांवर घट्ट. एकच विचार आला — आईला हे कोण सांगणार? माझे वडील विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. आईला वाटतं, मी हिंजवडीच्या ऑफिसात कॉम्प्युटर उचलून ठेवायचं काम करतो.

मग एकदम सगळं सुटलं आणि मी खाली पडलो. लाईट गेली होती. दारात अण्णा.

"काय रं, लगीन हाय का हितं? दुपारचं जरा पडू दे की माणसाला," म्हणत ते आत आले आणि मला बघून थांबले. "आरं... काय झालं ह्ये?"

इथे एक सांगायला हवं. सगळ्या भाडेकरूंचे मेन स्विच अण्णांच्या जिन्याखाली एका ओळीत आहेत. कुणी मोठ्याने गाणी लावली तर अण्णा वर जात नाहीत, त्याचा स्विच पाडतात. "बटन खाली केलं की पोरगं आपोआप खाली येतंय," असं ते सगळ्यांना ऐकवतात. त्या दिवशी त्यांनी माझा स्विच पाडला.

जीपमधून दवाखान्यात नेलं. छातीचा ईसीजी काढला, डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलास. परत येताना अण्णा म्हणाले, "येवढ्या मोठ्यानं कशापायी वाजवत व्हतास?"

"अण्णा, मी काही वाजवत नव्हतो."

"झूट बोलू नगंस. तारंचं वाद्य व्हतं. घसा बसल्यावानी. सूर दबायचा, मंग फुलायचा. माझी झोप मोडली त्यानं."

तो अँप त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता. काकू, म्हणजे अण्णांची बायको, गाळ्यापासून दहा पावलांवर शेवया वाळत घालत होत्या, त्यांनी काहीच ऐकलं नाही. "सपान पडलं आसंल यास्नी. दोन भाकरी जास्त झाल्या व्हत्या," एवढंच म्हणाल्या.

मी माझ्या परीने लॉजिक लावलं. असल्या अँपचा ट्रान्सफॉर्मर कधीकधी बारीक गातो, हे खरं आहे. पण आत सूर गेला तरच तो गातो, आणि तेही कान लावला तरच ऐकू येतं. वर मुलं असतील? सगळी ऑफिसात होती.

दहा दिवसांनी अँप दुरुस्त केला. सलील सर स्पीकर आणि गिटार घेऊन आले. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. अण्णा दारात खुर्ची टाकून बसले. सरांनी दोन-तीन मिनिटं वाजवलं.

"आवाज ह्योच," अण्णा म्हणाले. "पर हात ह्यो न्हाई."

सर हसले. "म्हणजे काय काका?"

"तुमी घाई करताय. त्या दिशी वाजवनारा एक सूर पुरता इझू द्यायचा, मंगच दुसऱ्याला हात घालायचा."

सरांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "बाबा तसंच वाजवायचे. यावरूनच रागवायचे मला." अण्णांना कसं कळलं, हे सरांनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

काय होतं ते, मला आजही माहीत नाही. इथे कुणाला कळलं तर लिहा, मी वाचेन. आता चालू अँपवर काम करताना डावा हात खिशात घालून वर खिशाचं बटणही लावतो.

अण्णांना धन्यवाद म्हटलं की ते म्हणतात, "मी तर शिव्या द्यायला आलतो." पण मी ठरवलंय. एक दिवस अण्णांना आमच्या गावी नेणार, आईच्या हातचं जेवू घालणार आणि ते शेजारी बसलेले असतानाच तिला सांगणार की मी काय काम करतो, आणि हा माणूस कोण आहे.