जेलीसारखं पाणी

मुंबईच्या विमानतळावर तपासणीत माझ्या पिशवीतून पेरूच्या जेलीची बरणी निघाली. आईने दोन दिवस खपून केलेली. "हे पातळ पदार्थांत धरतात मॅडम, नेता येणार नाही." मी ती तिथेच सोडली. काचेबाहेर तू आणि आई अजून हात हलवत होतात. २०११ साल होतं, दादा.

सिंगापुरात तर पावलोपावली जेली. हॉकर सेंटरात, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांवर, कसल्याशा पाल्याची काळीभोर, दुकानांत नारळाच्या दुधाची, रंगीत थरांची. आई दर फोनला विचारायची, "त्यात हाडांचं काही नसतं ना गं?" बाकीची समुद्री शेवाळाची असते, म्हणजे आपला चायना ग्रासच, हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. शाळेत गृहविज्ञान शिकवलेली ती. म्हणायची, "जेली साहेबाची, पण पेरू आपला."

बाबा गेल्यावर ती आमच्याकडे वुडलँड्सच्या फ्लॅटवर आली. माझी लेक ईरा तिला इथल्या पोरांची बोली शिकवायची, "आजी, जेली म्हणजे जेलस, लाह!" आई पोट धरून हसायची. तीनच महिने. मग अर्धांगाचा झटका आला आणि तिला धड गिळता येईना. साधं पाणी फुप्फुसात उतरेल म्हणून हॉस्पिटलात पाण्यातही पावडर कालवून ते जेलीसारखं घट्ट करायचे. मी चमच्याने भरवायचे. ती जिभेने बाहेर ढकलायची.

"पाणी दे."

"पाणीच आहे, आई."

"हे पाणी नाही. मला फसवू नकोस."

अकरा दिवस हेच. एकदा तिने हात जोडायला घेतले, डावा उठलाच नाही. टेबलावर माझी बाटली होती. ती उचलून मी पिशवीत लपवली. एवढं करूनही बाराव्या दिवशी ती न्यूमोनियानेच गेली.

तू पोचल्यावर विचारलंस, "शेवटी काही मागितलं का तिने?" मी "नाही" म्हणाले. खोटं बोलले, दादा.

मागच्या वर्षी ह्यांना पुण्यातली नोकरी चालून आली. तुम्ही सगळे खूश होतात. मीच मोडता घातला. ईराच्या शाळेचं कारण पुढे केलं. खरं ते आज लिहितेय. पुण्यात आता तुझं घर आहे, हक्काचं आहे. पण बाईचं माहेर आईपाशी असतं, आणि आई माझ्याकडे पाणी मागत गेली ती इथे. हे गाव सोडायचं म्हटलं की वाटतं, तिला तशीच तहानलेली टाकून निघालेय.