अकरा जॅकेटं आणि बारावं

आमच्या सायकल ग्रुपच्या कॅप्टनने आम्हा अकरा जणांना पावसाळी जॅकेटात फसवलं. दुकानदार सामील होता, पण फसवलं कॅप्टनने. ग्रुपमध्ये मात्र आजही असं सांगतात की काकांनी भाव इतका पाडला की माल हलका आला. काका म्हणजे मी.

मी अफझलगंजात ताडपत्री विकतो. गावाकडून आलो तेव्हा फुटपाथवर चार ताडपत्र्या पसरून बसायचो, आता त्याच फुटपाथसमोर माझं दुकान आहे. मधल्या पस्तीस वर्षांत पाणी अडवणारं प्रत्येक कापड या बोटांखालून गेलं. मेणकापड, रेक्झिन, कॅनव्हास, नायलॉन, सगळं. डोळे बांधून सांगतो कोणतं कापड दोन पावसाळे काढेल आणि कोणतं पहिल्याच आठवड्यात रडेल. हे मी फुशारकीने लिहीत नाही. पुढे जे झालं ते कळायला एवढं माहीत असलेलं बरं.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी चालणं कमी करून सायकल धरायला सांगितली. मी धरली आणि मला ती आवडली. दर रविवारी पहाटे चेवेळ्याच्या रस्त्याला जाणारा एक ग्रुप होता, त्यात शिरलो. बहुतेक जण कॉम्प्युटरवाले, पुण्या-मुंबईहून आलेले. जामबागेतल्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, त्यांना मीच आणलं. शाळेच्या मैदानासाठी त्या माझ्याकडून ताडपत्री न्यायच्या तेव्हापासूनची ओळख. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी नवी सायकल घेतली, तीही मी भाव करून दिली म्हणून.

आणि कॅप्टन. पुण्याचा, अडतीस-चाळीसचा. वारा कापला जावा म्हणून पायांवरचे केस काढतो. सायकल चालवण्यापेक्षा सायकलीबद्दल बोलणं त्याला जास्त जमतं. पेडलपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत प्रत्येक वस्तूचं वजन त्याला ग्रॅममध्ये पाठ आहे. वस्तू हातात घेऊन बघण्याची त्याला कधी गरज वाटली नाही.

जूनमध्ये ठरलं की सगळ्यांनी एकसारखी पावसाळी जॅकेटं घ्यायची. बारा जॅकेटं एकदम, म्हणजे भाव होणार, म्हणजे काका. कॅप्टनने मोबाइलवर आकडे वाचून दाखवले. दहा हजार पाण्याचे, दहा हजार श्वासाचे, असं काहीतरी. मी म्हटलं, आकडे राहू दे, आधी हे समज की आपल्याकडचा पाऊस गरम असतो. चढावर माणूस दमतो, अंगातून वाफ निघते. ती बाहेर गेली नाही तर बाहेरून कोरडा राहून आतून भिजतो. ट्रकवरच्या कांद्यावर गच्च ताडपत्री बांधली की कांदा सडतो, म्हणून शहाणा ड्रायव्हर एक कड उघडी ठेवतो. सायकलवाल्याला कड उघडी ठेवता येत नाही. म्हणून कापडानेच पाणी अडवायचं आणि वाफ सोडायची. असं कापड महाग असतं, आणि तसंच दिसणारं खोटं कापड स्वस्त असतं.

"काका, तुम्ही कांद्यावरून जॅकेट समजावताय," कॅप्टन म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा हसायला हरकत नव्हती.

दुकान कोठी नावाच्या बाजारभागात, एका चष्म्याच्या दुकानावर, अरुंद जिना चढून. मी, कॅप्टन आणि बाई गेलो. दुकानदाराने पाच-सहा जॅकेटं टाकली. मी एकेक उलटं करून बघितलं. शिवणीवर आतून टेप हवी, नाहीतर सुईच्या भोकांतून पाणी येतं. पाठ मागून लांब हवी, कारण आपण वाकून बसतो. हात पुढे ताणला की मनगट उघडं पडता कामा नये. अंग ढिलं असेल तर वाऱ्यात शिडासारखं फडफडतं. चार बाजूला काढली. एक राहिलं, राखाडी, हलकं, आत पापुद्रा इतका बारीक की चोळल्यावर आवाज नाही. बोटांना ते आवडलं. पण बोटांना आवडलं म्हणून मी माल घेत नाही.

चहा आला होता. मी ग्लासातला अर्धा चहा पिऊन टाकला. जॅकेटाची बाही उलटी करून, आतली बाजू चहाकडे ठेवून, ग्लासाच्या तोंडावर घट्ट ताणली आणि रबर लावलं.

दुकानदार म्हणाला, "सेठ, जॅकेट को चाय पिला रहे क्या?"

"हौ. पिके बोलेगा कैसा है."

मी चष्मा काढून कापडाच्या वर बोटभर अंतरावर धरला. थोड्या वेळात काच धुरकटली. म्हणजे वाफ कापडातून बाहेर येत होती. मग ग्लास उलटा केला आणि बाईंना म्हटलं, खाली हात धरा. त्यांनी हात धरला. थेंब पडला नाही.

बाई म्हणाल्या, "भाऊ, शाळेत असता तर विज्ञान तुमच्याकडेच दिलं असतं."

कॅप्टन जिन्याकडे बघत होता. त्याला लाज वाटत होती. मोबाइलवर आकडे असताना ग्लासात चहा घालून माल तपासणारा माणूस आपल्याबरोबर आहे, याची लाज.

मग भाव. किती सांगितला आणि किती झाला ते लिहीत नाही, तो माझा धंदा आहे. दोनदा मी जिना उतरलो, दोनदा त्याने वरून हाक मारली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "सेठ, इत्ता नक्को काटो. चलो, हो गया, ले जाओ." हो गया, असं तो बोलला. त्याला परवडत नव्हतं तर नाही म्हणायला तोंड होतं. मी कुणाच्या गळ्यावर पाय देऊन होकार घेत नाही. होकार घेतला की मात्र त्याच कापडाचा माल घेतो.

आमच्या बाजारात एक रीत आहे. सौदा ठरला की नमुना गिऱ्हाईकाकडे राहतो. माल आला की तो नमुन्याशेजारी ठेवायचा, दोन्ही चोळायचे, मगच घ्यायचा. आणि नमुना ज्याच्या हातात, जुळला की नाही हा शब्द त्याचाच. बाकीच्यांनी त्यावर बोलायचं नाही. मी नमुना, म्हणजे तेच राखाडी जॅकेट, मागितला. कॅप्टन म्हणाला, "काका, माझ्याकडे राहू दे ना. माल माझ्याच घरी उतरणार, मी जुळवून बघतो. तुम्ही कुठे एवढ्या लांब गच्चीबोवलीला येता?"

मी दिला. पस्तीस वर्षांत नमुना दुसऱ्याच्या हातात देण्याची माझी ही पहिलीच वेळ.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी पहाटे, जॅकेटं वाटली गेली. मी गावाहून आदल्या दिवशीच परतलो होतो, पाकीट रस्त्यावरच हातात आलं. पाठीवर ग्रुपचं नाव छापलेलं. मी बाही चोळली. ती कुरकुरली. आतून गुळगुळीत, सापाच्या कातीसारखी.

"हे तेच आहे?" मी विचारलं.

"तेच आहे काका, मी जुळवलंय. नवीन लॉट आहे, दोन धुण्यांत मऊ होईल."

नमुना त्याच्याकडे होता, शब्द त्याचा होता. लोक जॅकेटं घालून फोटो काढत होते. मी गप्प बसलो. माझी चूक मोजायची तर एवढीच मोजा.

मोइनाबादच्या पुढे पावसाने गाठलं. चढाव सुरू झाला आणि दहा मिनिटांत कळलं. पाठीवरून घाम ओघळत होता, बाह्यांत साचत होता. चेवेळ्याच्या अलीकडे एका टपरीच्या पत्र्याखाली थांबलो. एका पोराने चेन उघडून बाही खाली केली तर मनगटातून धार लागली. सगळे तेच करायला लागले. वारा सुटला होता. आतून भिजलेलं अंग वाऱ्यात गार पडतं, ते पावसापेक्षा वाईट. बाईंचे दात वाजत होते. मी टपरीवाल्याचं कोरडं पोतं मागून त्यांच्या खांद्यावर टाकलं.

"काका, इतकं पाडलंत की त्याने प्लास्टिकच दिलं," एकजण म्हणाला.

"ताडपत्रीवाल्याला जॅकेट निवडायला लावलं, ताडपत्रीच मिळणार," दुसरा म्हणाला.

कॅप्टन चहाचा ग्लास घेऊन माझ्याकडे आला. "सोडा काका. स्वस्तात स्वस्तच मिळतं." आणि ग्लास पुढे केला.

ग्लास घेताना माझी बोटं त्याच्या बाहीला लागली. आवाज नाही. मऊ. मी बाही दोन बोटांत धरली आणि चोळली. मग मनगटातून आत बोट घातलं. आत कोरडं होतं. अख्ख्या टपरीत एकच माणूस कोरडा होता. त्याच्या पाठीवर बघितलं. आमच्या पाठीवरची अक्षरं छापलेली होती, त्याच्या पाठीवरची इस्त्रीने चिकटवलेली, बोटभर मोठी. एकटं जॅकेट दुसरीकडे नेऊन त्याने नाव लावून घेतलं होतं.

इथे मी शांत राहायला हवं होतं. मला शांत राहता येत नाही. मी त्याची बाही ओढून म्हणालो, "काढ. सगळ्यांसमोर काढ, हा नमुना आहे."

"काका, काय चाललंय? लेडीज आहेत इथे."

"काढ म्हणतो ना."

तो माझ्याकडे बघून हसला, इतरांकडे वळला आणि म्हणाला, "काकांची शुगर कमी झालेली दिसते. कुणीतरी बिस्कीट द्या रे."

आणि कुणीतरी दिलं. मला साखरेचा आजार नाही. दोघांनी मला धरून बाकावर बसवलं, हातात बिस्कीट कोंबलं आणि लहान मुलाची समजूत काढावी तसे पाठीवर थोपटत राहिले. हे शिकलेले लोक आहेत. त्यांच्यापैकी एकालाही हात पुढे करून कॅप्टनची बाही चाचपावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोठीचा जिना चढलो. दुकानदाराने मला बघितलं आणि नोकराला आत पाठवलं.

"सेठ, बैठो. गुस्सा नक्को करो."

"मेरा माल किधर है?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. सौद्यानंतर रात्रभर हिशेब करून त्याला वाटलं की यात काही उरत नाही. त्याने कॅप्टनला फोन केला, भाव थोडा वाढवा म्हणून. कॅप्टन म्हणाला, भाव वाढला तर लोक काकांना विचारतील, त्यापेक्षा तसंच दिसणारं दुसरं कापड पाठव. आणि नमुन्याचं जॅकेट माझं.

"मैं पूछा बी सेठ, के सेठ कू मालूम है क्या? बोले, हौ, सेठ की मर्जी से बोल रहा हूँ."

"और तुम मान गया."

"आपके घर का आदमी समझा. मेरे कू क्या मालूम?"

"चल मेरे साथ. लोगां के सामने ये बोल."

"नक्को सेठ. वो हर सीजन बीस-बीस गिऱ्हाईक लाते. आप एक बार आके मेरी चमडी निकालते."

तो लबाड आहे. पण विचारल्यावर खरं बोलला, आणि का येणार नाही तेही तोंडावर सांगितलं. कॅप्टनमध्ये एवढंही नव्हतं. आणि त्याने काय मिळवलं? एक जॅकेट. एका जॅकेटासाठी अकरा माणसं विकली. मी विकली असती तर निदान भाव नीट घेतला असता.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. त्याने ते पुसलं आणि मला ग्रुपमधून काढलं. नंतर कळलं, त्याने खाली लिहिलं होतं की काका ज्येष्ठ आहेत, आपण त्यांना समजून घेऊ.

हे सगळं मी गिळलं असतं. धंद्यात याहून मोठे दगड गिळलेत. पण त्या रविवारनंतर बाई आठ दिवस तापाने पडल्या. बऱ्या झाल्यावर त्या माझ्या दुकानात आल्या. हातात जॅकेट होतं, धुतलेलं, इस्त्री केलेलं, चौकोनी घडी. त्यांनी ते गल्ल्यावर ठेवलं.

"भाऊ, तुमच्या शब्दावर घेतलं होतं. म्हणून तुम्हालाच परत करते."

मी सगळं सांगितलं. फोन, नमुना, चिकटवलेली अक्षरं. त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं. पोरांची कारणं ऐकण्यात त्यांची सगळी नोकरी सरलेली.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण हात खाली धरा म्हणून तुम्ही मला सांगितलंत. मी धरला. त्या मुलाने नाही सांगितलं."

"तुमचा विश्वास नाही माझ्यावर?"

"तुम्ही खोटं बोलता असं नाही म्हणत. पण दुकानदार येत नाही, तो मुलगा बोलत नाही, आणि तुम्ही चिडता. मी कशावरून काय ठरवू?"

सायकल विकायला काढली आहे, गिऱ्हाईक बघा, असं सांगून त्या गेल्या. मी गिऱ्हाईक बघितलेलं नाही. बघणारही नाही.

म्हणून हे लिहिलं. मला पैसे नकोत, बदली माल नको, ग्रुपमध्ये परत जाणं तर नकोच. बाकीच्या नऊ जणांनी माझ्याबद्दल काय समजायचं ते समजावं, ज्यांना बाही चाचपता येत नाही त्यांच्या मताला मी किंमत देत नाही. पण जामबागेत एक घर आहे, पहिल्या मजल्यावर, आणि तिथे माझ्या शब्दाला किंमत होती. कॅप्टनने तिथे जावं. ते जॅकेट अंगात घालून जावं, बाईंना त्याला हात लावू द्यावा, आणि फोनवर दुकानदाराला जे सांगितलं ते शब्दाला शब्द त्यांना सांगावं. शुगरचं नाही, समजून घेण्याचं नाही. एवढंच सांग, कॅप्टन, की सेठची मर्जी आहे असं बोललास ते कुणाला विचारून बोललास.