नदीत सापडलेली जागा

“सर, हा पॉइंट नदीत येतोय,” मी म्हणाले.

“मग चुकीचाच आहे,” मुळे सर म्हणाले. “नदीत उभं राहून कोण फोटो काढतं? पुढचा बघा.”

मी तो पॉइंट खोडला आणि पुढं गेले. त्या खोडण्यात माझे तीन आठवडे वाया गेले.

आमचं ऑफिस जालना रोडला, काम नकाशांचं. शहर चारी बाजूंनी वाढत होतं, त्यामुळं लेआउटचे नकाशे रोजचेच. शिवाय एकामागून एक दुष्काळाची वर्षं. नदी, नाले, पाझर तलाव, सगळ्यांचे नकाशे आमच्याकडं येत. युद्धाशी आमचा काडीचा संबंध नव्हता. तो फुलंब्रीच्या कारभारी जाधवांनी आणला.

कारभारी काकांनी सत्तरी ओलांडलेली. त्यांच्या शेततळ्याचा नकाशा मी केला होता, त्या ओळखीवर ते आले. कापडी पिशवीतून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला. दुसऱ्या महायुद्धातला, मणिपुरातल्या लढाईच्या वेळचा. सपाट जागेवर चार शिपाई उभे. त्यांच्या मागं कमरेएवढा मातीचा टप्पा, त्यावर दगडांचा ढीग आणि एक झाड. पार मागं दोन शिखरांचा डोंगर.

“ह्या दगडाखाली माझा बाप हाय, ताई,” ते म्हणाले. “मी आईच्या पोटात व्हतो तवा गेला. त्याच्या पलटणीतल्या जोडीदारानं फोटो आणून दिला. जागेचं नाव त्याला बी ठाऊक नव्हतं. निस्तं जंगल व्हतं म्हणला.”

त्यांचा नातू संतोष फौजेत होता आणि त्या वेळी मणिपुरातच होता. त्यानं रेकॉर्ड ऑफिसातून पत्र मिळवलं होतं. पणजोबा होळीच्या सुमारास गेले, तेव्हा त्यांची पलटण कोणत्या नदीच्या खोऱ्यात होती, एवढंच त्यात होतं. खोरं वीस-पंचवीस मैलांचं.

“दोन महिन्यांनी त्याची बदली हाय,” काका म्हणाले. “तेवढ्यात जागा घावली तर हात जोडून येईल. मग कोण जातंय तिकडं?”

मुळे सर म्हणाले, “ऑफिसचं काम उरकून करायचं.” म्हणजे परवानगी मिळाली.

पद्धत सांगते. जुन्या नकाशांवर डोंगर तपकिरी रेघांनी दाखवलेले असतात. एकाच उंचीच्या जागा जोडणारी ती रेघ, म्हणजे कंटूर. त्या उंचीवरून संगणक डोंगर उभा करतो आणि अमुक जागेवरून तो कसा दिसेल ते दाखवतो. मी फोटोतल्या डोंगराची कड ट्रेसिंग पेपरवर उतरवली आणि तो पेपर टेपनं स्क्रीनला चिकटवला. खोऱ्यातल्या एकेका पॉइंटवर ‘उभं’ राहायचं आणि कड जुळते का बघायची.

दोन शिखरांचा डोंगर पहिल्या चार दिवसांत मिळाला. अडचण वेगळीच होती. फोटोत धाकटं शिखर थोरल्याच्या आड अर्धं लपलेलं. फोटोतली सपाट जागा म्हणजे भाताचं शेत आणि मातीचा टप्पा म्हणजे बांध, असं मी धरून चालले होते. पण नकाशावरच्या एकाही शेतातून शिखर तसं लपेना. लपलं ते फक्त नदीतल्या त्या एका पॉइंटवरून, आणि तो मी खोडला होता.

शेवटी काकांना बोलावलं. नाही म्हणायचं ते तोंडावर म्हणावं, असं वाटलं.

फोटो मी स्कॅन करून स्क्रीनभर मोठा केला होता. काकांनी तो इतका मोठा कधी पाहिलाच नव्हता. खुर्ची ओढून ते पुढं वाकले.

“सगळी शेतं बघून झाली, काका,” मी म्हणाले. “एकाही शेतातून डोंगर जुळत नाही.”

“शेत कुठं हाय हितं?”

“हे काय. हा बांध.”

“बांध? नाय, ताई. बांध माणूस घालतो, त्याला वळण असतं. ही दरड हाय. पाण्यानं कातरलेली. त्या झाडाच्या मुळ्या बघा, उघड्या पडल्यात. बांधावरच्या झाडाच्या मुळ्या अशा दिसतात व्हय? पोरं नदीत उभी हायेत. कोरड्या नदीत.”

मुळे सर केबिनमधून उठून आले. आम्ही तिघंही स्क्रीनकडं बघत राहिलो. होळीच्या सुमारास तिकडचा पाऊस सुरू झालेला नसतो, हे मला त्या क्षणी सुचलं.

खोडलेला पॉइंट मी परत आणला. धाकटं शिखर अलगद थोरल्याच्या आड गेलं. ट्रेसिंग पेपरवरची रेघ आणि स्क्रीनवरची कड एकमेकींवर बसली. कॅमेरा पात्रात, दगड काठावर.

“हीच का?” काकांनी विचारलं.

“हीच,” मी म्हणाले. काकांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. सरांनी चहा मागवला.

संतोष बदलीच्या आठ दिवस आधी तिथं पोचला. दगड उरले नव्हते, काठावर कुणाचा तरी भोपळ्याचा वेल पसरला होता. त्यानं नारळ वाहिला, पात्रात उतरून डोंगराचा फोटो काढला आणि मला पाठवला. काका तो बघायला मुद्दाम ऑफिसात आले. डोंगर बघितला, वेल बघितला.

“भोपळा धरलाय चांगला,” ते म्हणाले. “कुणाचं तरी घर खातंय त्या मातीतनं. लई झालं.” मग सरांना, मला, दाराशी बसलेल्या वॉचमनला, सगळ्यांना रामराम करून ते फुलंब्रीच्या बसला गेले.

यातून मी शिकले ते एवढंच. नकाशातला निळा रंग पाणी दाखवत नाही, पाण्याची जागा दाखवतो. दिवसभर मी मराठवाड्यातल्या ठणठणीत कोरड्या नद्या निळ्या रंगात रंगवत होते, आणि संध्याकाळी मणिपुरातली नदी कोरडी असू शकते हे मला फुलंब्रीच्या माणसानं सांगावं लागलं.