काशीत सोडलेली गोळी

काशीला गेलं की एखादी खाण्याची वस्तू कायमची सोडून यायची, हे जामबागेतल्या आमच्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक. शहाणी माणसं कारलं सोडून येतात. आमची आई भीतीची गोळी सोडून आली.

ती गोळी सुरू झाली बाबांच्या कुकटपल्लीच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची कुजबुज सुरू झाली तेव्हा. परदेशी माल येणार, इथली माणसं कमी करणार, असं रोज कानावर यायचं आणि आईची छाती धडधडायची. कोठीच्या डॉक्टरांनी अर्धी गोळी दिली. आई झोपली, घरही झोपलं. पुढे अर्धीनं भागेना, तशी ती आपल्या मनानंच वाढवत गेली. "मालच बनावट येतोय," म्हणत बाबांनी सिकंदराबादपर्यंतची दुकानं पालथी घातली. गोळी बिचारी तीच होती.

भजनी मंडळाबरोबर काशीला जाऊन आई परतली ती कापतच. कुकरच्या शिट्टीला दचकायची, चहा बशीत कमी नि पदरावर जास्त सांडायचा. वर ताठ्यानं सांगायची, "सोडली. गंगेत."

मी तिला धरून डॉक्टरांकडे नेलं. "अम्मा, गोली वहीच है, दिमाग बदल गया," ते म्हणाले. त्यांनी समजावलं ते असं: मेंदूत 'शांत हो' सांगणारं एक रसायन असतं. गोळी त्याचा आवाज वाढवते. रोज मोठा आवाज ऐकून मेंदू कानात बोळे घालून बसतो, म्हणून गोळी पुरेनाशी होते. आणि ती अचानक थांबली की कानात बोळे तसेच राहतात, शांत करणारा आवाज ऐकूच येत नाही. "एकदम नक्को छोडो. फिट आ जाती." पुन्हा सुरू करून हळूहळू कमी करायची होती.

"काशीत सोडलेलं परत तोंडात नाही घालायचं," आई म्हणाली. मी समजावलं, चिडले, रडलेसुद्धा. ती ढिम्म. आता फिट येते की मग, या धास्तीनं मी स्वयंपाकघराच्या दारातून हलत नव्हते. ती चुलीपाशी गेली की माझाच जीव खालीवर व्हायचा.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अंघोळ केली आणि देवापुढे बसले. जन्मात घंटेला हात न लावलेला माणूस घंटा वाजवत होता. मग ते तळहात पुढे करून आईसमोर उभे राहिले. हातावर साखर आणि त्यात ती गोळी.

"प्रसाद," ते म्हणाले.

प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, हे आम्हाला आईनंच शिकवलेलं. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे. मग तिनं गोळी उचलून तोंडात टाकली. साखर मात्र त्यांच्याच हातावर राहू दिली.

"ती तुम्ही घ्या," आई म्हणाली. "तुमचाबी हात कापायलाय."